काचेमागचा रंग उतरवताना

काचेच्या मागच्या बाजूला काढलेले चित्र समोरून पाहायचे असते, त्यामुळे ते रंगवण्याचा क्रम नेहमीच्या चित्राच्या उलट असतो. कापडावर आधी पार्श्वभूमी, मग आकृती आणि शेवटी डोळ्यातली चमक येते. काचेवर मात्र चमकेचा ठिपका, दागिने आणि बाह्यरेषा पहिल्या, त्यानंतर अंगाचा रंग आणि सर्वांत शेवटी भिंत किंवा आकाश. असे चित्र मागून खरवडायला घेतले की आधी आकाश निघते आणि डोळा शेवटपर्यंत काचेला धरून राहतो. मागचा मळकट थर तेवढा काढू, असे म्हणून सुरू झालेल्या कामात पुष्कळ चित्रे अर्धी गेली आहेत.

ही कला अठराव्या शतकात चीनमधील कॅन्टन बंदराच्या व्यापारातून पश्चिम भारतात रुळली. देवदेवता, दरबारी स्त्रिया, सरदार यांची अशी चित्रे वाड्यांत आणि पेढ्यांवर लागली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचचित्रांचा संग्रह आहे. हेच तंत्र पुढे दुकानांच्या पाट्यांत उतरले. तिथे जिलेटिनच्या पाण्याने सोन्याचा वर्ख चिकटवून त्यावर मागून रंग देत. विसाव्या शतकात ते खेळयंत्रांवर गेले. पिनबॉलच्या उभ्या काचेवर आणि व्हिडिओ गेमच्या पडद्याभोवतीच्या काचेवर जाळीछपाईने रंगांचे थर मागून दिलेले असत. बल्बचा उजेड पसरावा म्हणून त्यांमागे पांढरा थर, आणि जिथे उजेड नको तिथे राखाडी, अपारदर्शक थर. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या उभ्या कॅबिनेटमध्ये पडद्यावरचे चित्र काचेवरून परावर्तित होऊन रंगवलेल्या चांद्रभूमीवर तरंगताना दिसे. अशा यंत्रात चित्र आणि यंत्र वेगळे काढताच येत नाही.

देवळाली कॅम्पसारख्या गावात काचेमागचा रंग उतरवावा की राखावा हा प्रश्न जुन्या सामानासोबत येतो. लष्करी छावणी, कोरड्या हवेसाठी मुंबईहून येणाऱ्या पारशी आणि गुजराती कुटुंबांचे बंगले, सॅनेटोरियमे आणि छावणीचा बाजार अशा वस्तीत रंगीत काच अनेक रूपांनी असू शकते: दाराच्या वरची झडप, देव्हाऱ्यातील तसबीर, दुकानाची पाटी, एखाद्या बंद पडलेल्या गेम पार्लरमधले कॅबिनेट. इथली हवाही रंगाला सोसत नाही. थंडीत रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाते, उन्हाळ्यात दुपारी 40 च्या आसपास चढते आणि मध्ये चार महिने पावसाची ओल असते. तापमानाच्या फरकाने रंगाचा थर काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो. त्यातच ओलीमुळे साध्या काचेतील अल्कली पृष्ठभागावर येते आणि रंगाची पकड सुटते. पोपडे धरतात, काच मात्र धड राहते. यंत्राच्या काचेमागे बल्ब तापत असेल तर हे आणखी लवकर होते.

रंगाला हात लावण्याआधी दोन गोष्टी ओळखायच्या. पहिली, समोरची वस्तू काच आहे की अ‍ॅक्रिलिक. यंत्रांच्या वरच्या नामफलकाला पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक वापरलेले असते. ते त्याच आकाराच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते, टिचकीला बद्द वाजते आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागताच तडकल्यासारखे पांढरे पडते. दुसरी गोष्ट, रंग भट्टीत भाजलेला आहे की नुसता चढवलेला. चर्चच्या खिडक्यांतील भाजलेला रंग काचेत वितळून बसलेला असतो. चांदीच्या क्षारांचा पिवळा रंग तर काचेच्या आतच उतरतो. तो काढण्याचा प्रयत्न म्हणजे काचच खाणे. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवावा. रंग बोळ्यावर आला तर तो भाजलेला नाही हे नक्की. न आला तरी निष्कर्ष काढू नये, कारण जुना तेलरंग स्पिरिटला दाद देत नाही. वर्खाच्या पाटीला तर नुसते पाणीही घातक, कारण जिलेटिन पाण्यात सुटते.

चित्र पूर्ण उतरवायचेच असेल तर काच चित्राची बाजू वर करून जाड घोंगडीवर आडवी ठेवतात. रंग उतरवण्याची पेस्ट ब्रशने जाड लावून वर प्लॅस्टिकचा कागद पसरतात, म्हणजे द्रावक उडून न जाता थरांत मुरते. रंग सुरकुतला की प्लॅस्टिकच्या पट्टीने एका दिशेने लोटायचा, पुसायचा आणि पुन्हा पेस्ट लावायची. ब्लेड वापरणे सोपे वाटते, पण टफन्ड काचेवर भट्टीत चिकटलेले काचेचे सूक्ष्म कण असू शकतात. ते पात्याखाली ओढले गेले की लांबलचक ओरखडे उमटतात आणि ते निघत नाहीत. कॉस्टिक सोड्याने तेलरंगाचा साबण होतो, रंग झटकन सुटतो, पण दीर्घकाळ राहिल्यास काच धुरकट होते आणि हातावर उडाल्यास कातडी भाजते. मिथिलीन क्लोराइड असलेली पेस्ट सर्वांत वेगवान, आणि बंद खोलीत सर्वांत धोकादायक. शरीरात या रसायनाचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना अशी पेस्ट विकण्यावर 2019 मध्ये बंदी आली.

जुन्या रंगाचा चुराही निरुपद्रवी नसतो. सफेदा, शेंदूर आणि क्रोम पिवळा यांत शिसे, हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक असते. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम करणारे नियम 2016 चे, म्हणजे त्याआधीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. कोरडे घासू नये. ओल्या फडक्याने गोळा केलेला रंग मोरीत किंवा अंगणातल्या मातीत टाकू नये.

बहुतेक वेळा रंग उतरवण्याची गरजच नसते. पोपडे धरलेला थर अ‍ॅक्रिलिक रेझिनने मागून पुन्हा बसवता येतो. संग्रहालयांत त्यासाठी पॅरालॉइड बी-72 वापरतात. त्याचा अपवर्तनांक सुमारे 1.49, काचेचा 1.52, त्यामुळे समोरून सांधा फारसा दिसत नाही, आणि नंतर अ‍ॅसिटोनने तो काढताही येतो. बाजारातला चकचकीत स्प्रे मारलेला थर पुढे निघेलच असे नाही. झडलेल्या जागा मूळ रंगावर न चढता, मागे वेगळ्या पारदर्शक फिल्मवर भराव्यात. काच घराबाहेर जायची असेल किंवा नव्याने रंगवायची असेल, तरी आधी समोरून आणि मागून, पट्टीसह, उजेडात छायाचित्रे घ्यावीत. बाह्यरेषा ट्रेसिंग कागदावर पूर्ण आकारात उतरवून घ्याव्यात. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातील चित्राचा नुसता संशय आला तरी थिनरची बाटली बंद ठेवावी आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे विचारणा करावी.