वांग समजलेला चट्टा

देवणीच्या गायीबैलांचा जाणकार नुसतं पाहून सांगतो, ही वानेरा, ही बालंक्या, ही शेवरा. एकाच जातीची ही तीन रूपं तोंडावरच्या आणि अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून ओळखू येतात. माणसामाणसांतले बरेच फरक मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ते डीएनएत असतात, आणि त्यांतले काही ल्युपसचा धोका वाढवतात.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठतो, उन्हात गेलं की वाढतो. घरचे त्याला वांग म्हणतात. सांधे धरले की आमवात. केस गळतात, तोंडात व्रण येतात, बारीक ताप राहतो, आणि बाई रानातली कामं उरकतच राहते. दहा रुग्णांत नऊ बायका असतात. याचं एक कारण एक्स गुणसूत्रात सापडतं. प्रतिकारशक्तीला चेतवणारं टीएलआर-७ हे जनुक त्याच्यावर असतं. बाईच्या पेशीतल्या दोन एक्सपैकी एक बंद राहतं, पण काही प्रतिकारपेशींत हे जनुक दोन्हीकडून चालू राहतं.

बहुतेक रुग्णांत एकच जनुक दोषी नसतं. शंभराहून अधिक ठिकाणचे बारीक फरक मिळून धोका वाढतो. तरीही 1992 च्या एका अभ्यासात, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असताना दुसऱ्यालाही तो असल्याचं 24 टक्के जोड्यांतच आढळलं. ऊन, विषाणू, संप्रेरकं यांचाही वाटा असतो. ‘माहेरून दुखणं घेऊन आली’ असं सुनेला ऐकवणं म्हणूनच निव्वळ अन्याय आहे.

धोक्याचे हे फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? एक उत्तर हिवतापात मिळतं. पेशींवरचे एफसी-गॅमा ग्राहक प्रतिपिंडांना पकडतात. त्यांतल्या एकाचा ल्युपसशी जोडलेला प्रकार आई-वडील दोघांकडून मिळालेल्या केनियातल्या मुलांना गंभीर हिवतापापासून संरक्षण देतो, असं 2010 मध्ये दिसलं. ल्युपसवरचं रोजचं औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही मुळात हिवतापाचंच. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत डॉ. वंदना प्रधान आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या रुग्णांत याच कुळातल्या ग्राहकांचे फरक आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध तपासला. अशा कामाची आपल्याला फार गरज आहे, कारण ल्युपसची जगभरातली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई रुग्णांची आहे.

त्या जनावरांचं देवणी गाव कर्नाटकाच्या सीमेवर. या पट्ट्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी. मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच पूर्वजाकडून आलेली असतात, त्यामुळे एखादा दुर्मीळ दोष बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता वाढते. सी-१-क्यू हे प्रथिन मेलेल्या पेशींचा कचरा हटवायला मदत करतं. ते जन्मतःच नसेल तर बहुतेकांना ल्युपस होतो, तोही अनेकदा बालपणी. अशा दोषाची कुटुंबं फार थोडी असतात, आणि नात्यातल्या बहुतेक लग्नांतून निरोगी मुलंच जन्मतात. पण लहान मुलाच्या गालावर असा चट्टा आला, वरचेवर जंतुसंसर्ग होऊ लागला, तर आई-वडील नात्यातले आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आणि लघवी तपासून घ्यावी. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा सहसा दुखत नाही. पायांवर सूज येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. लघवीतून प्रथिन जातंय का, हे साध्या पट्टीने कळतं. एएनए ही रक्ताची तपासणीही डॉक्टरांना विचारून करावी.