खुनी भंडारा आणि विहिरीतले भूत

आपल्या वऱ्हाडात जुन्या विहिरीची एखादी तरी भुताची गोष्ट ऐकली नाही, असा मुलगा किंवा मुलगी सहसा सापडणार नाही. अमुक विहिरीत आसरा आहेत, त्या माणसाला आत ओढतात. तमुक भुयारातून भर दुपारी कोणी तरी हाक मारते. थंडीत पहाटे काठावर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते. अशा गोष्टी ऐकून काही जण घाबरतात, तर काही जण हसून सोडून देतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या दोन्ही गोष्टी करू नयेत. सांगणाऱ्याने डोळ्यांनी काय पाहिले आणि कानांनी काय ऐकले, तेवढे वेगळे काढावे व त्याचे कारण शोधावे. या शोधाचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे लेखाच्या शेवटी तुमच्या ध्यानात येईल.

उदाहरणासाठी आपण एक जुने जलभुयार घेऊ. त्याचे नावच मुळी 'खुनी भंडारा' असे आहे!

सातपुड्याच्या पोटातील पाणी

अकोल्याहून भुसावळमार्गे आगगाडीने बुऱ्हाणपूरला जाता येते. तापी नदीच्या काठचे हे शहर आज मध्य प्रदेशात आहे. मोगलांच्या काळी ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. दक्षिणेतील मोहिमांचा तळ येथे असल्याने लष्कर आणि वस्ती मोठी, आणि पाण्याची गरजही तेवढीच मोठी. इ. स. १६१५ च्या सुमारास सुभेदार अब्दुल रहीम खानखानान, म्हणजेच दोह्यांसाठी प्रसिद्ध असलेला कवी रहीम, याच्या कारकिर्दीत येथे इराणी पद्धतीची भुयारी पाणीयोजना तयार झाली.

सातपुड्यावर पडलेले पावसाचे पाणी पायथ्याच्या गोटे-वाळूच्या थरांत मुरते आणि जमिनीखालून हळूहळू नदीकडे सरकते. हे पाणी वाटेत अडवायचे, अशी ही युक्ती. पायथ्याशी खोल विहीर खणून पाण्याचा थर गाठायचा. तेथून शहराच्या दिशेने जमिनीखाली भुयार न्यायचे व त्याला अगदी थोडा उतार द्यायचा. उतार जास्त झाला तर पाणी भुयाराचा तळ खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर वरपर्यंत उभ्या विहिरी ठेवायच्या. खोदलेली माती वर काढणे, आत हवा खेळती ठेवणे आणि पुढे गाळ उपसणे, ही तिन्ही कामे त्यांतून होतात. या उभ्या विहिरींना तेथे कुंड्या म्हणतात. शंभरावर कुंड्यांची ही रांग आहे, म्हणून 'कुंडी भंडारा' हेही तिचे नाव. ना मोट, ना पंप. केवळ गुरुत्वाकर्षणाने पाणी वाहत राहते. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२४ साली या योजनेचा समावेश झाला.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या अकोला-अमरावतीच्या मुलांना पायथ्याच्या गोड पाण्याचे मोल निराळे सांगायला नको.

'खुनी' हे नाव कशामुळे?

बुऱ्हाणपूरने वाईट दिवसही पुष्कळ पाहिले. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडून असंख्य माणसे मेली. त्याच काळात, १६३१ साली, मुमताजमहलचा मृत्यू याच शहरी झाला. अशा गावातील अंधाऱ्या भुयाराला 'खुनी' नाव मिळाले, की त्याभोवती कथा जमायला वेळ लागत नाही.

या नावाचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते, की पाण्याला लालसर छटा असे. खोल भूजलात प्राणवायू फार थोडा असतो. अशा पाण्यात लोह विरघळलेले असले, तरी पाणी स्वच्छ दिसते. ते उघड्या हवेत आले, की लोहाचा प्राणवायूशी संयोग होतो आणि तांबड्या गंजाचे बारीक कण तयार होतात. पाणी जणू आपोआप लाल होते! आज मात्र या भुयाराच्या भिंतींवर पांढरे थर दिसतात. ते चुनखडीचे आहेत. पाण्यात विरघळलेला चुना तेथे साचत गेला आहे.

लाल पाणी आणि भूत यांची जोडी दूर इंग्लंडातही आढळते. स्टॅफर्डशायर परगण्यात हेअरकॅसल नावाचा बोटींच्या कालव्याचा बोगदा आहे. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने काम सुरू केलेला हा बोगदा १७७७ साली पुरा झाला. त्यात खून झालेल्या बाईचे शिर नसलेले भूत फिरते, अशी तेथील दंतकथा आहे. त्या कालव्याचे पाणी आजही नारिंगी दिसते, आणि कारण तेच : आसपासच्या खडकांतील लोह.

'खुनी' या शब्दाला आणखी एक बाजू आहे. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात. ती खोदणारे कारागीर कनातीला 'खुनी' म्हणत, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. दरड कोसळून, अचानक पाणी फुटून किंवा दूषित हवेने गुदमरून या कामात माणसे मरत. हे कारागीर एरंडेलाचे दिवे आत नेत. दोन दिवे एका रेषेत दिसले, म्हणजे भुयार सरळ चालले आहे हे कळे. दिवा मंदावला, की हवा बिघडली हेही कळे. हा दिवा लक्षात ठेवा; पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

हाक कोण मारते?

समजा, एक विहीर २० मीटर खोल आहे. काठावरून हाक मारली, तर आवाज तळाशी जाऊन परत येईपर्यंत ४० मीटर अंतर कापतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे आवाज ०.१२ सेकंदाने परत येतो. दोन आवाज वेगळे ऐकू येण्यास साधारण ०.१ सेकंदाचे अंतर लागते. म्हणून ही विहीर हाकेला ओ देते! भुयारात तर ध्वनी चहूकडे पसरू शकत नाही. नळीतून जावा तसा तो दूरवर पोचतो. एका कुंडीपाशी केलेली कुजबुज दुसऱ्या कुंडीतून ऐकू आली, तर नवल नाही.

वारा तोंडावरून वाहिला, की विहीर रिकाम्या बाटलीसारखी घुमते. तळ बंद असलेल्या नळीची मूळ कंप्रता काढण्यासाठी वेगाला लांबीच्या चौपटीने भागतात. आपल्या विहिरीसाठी ३४० भागिले ८०, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वाचार कंपने. आपला कान साधारण २० च्या खालची कंपने ऐकत नाही. अशा ध्वनीला अवश्राव्य ध्वनी म्हणतात.

व्हिक टँडी या इंग्रज अभियंत्याने १९९८ साली असे मांडले, की सुमारे १९ कंपनांच्या अवश्राव्य ध्वनीने माणसाला अस्वस्थ वाटते व भास होतात. कल्पना आकर्षक होती. पण २००९ साली लंडनच्या संशोधकांनी एका खोलीत मुद्दाम असा ध्वनी निर्माण करून लोकांना आत बसवले, तेव्हा त्याचा परिणाम आढळला नाही. येथे काही तरी विचित्र जाणवेल, असे आधी सांगितल्यामुळेच पुष्कळांना ते जाणवले असावे, असा निष्कर्ष निघाला. भुताचे स्पष्टीकरण देतानाही ते तपासून घ्यावे लागते, हा यातील धडा.

थंड श्वास आणि पांढरी बाई

जमिनीखाली काही मीटरांवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते. आपल्या भागात ते २६-२७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना भुयाराच्या तोंडाशी उभे राहिलात, तर अंगावर गार श्वास आल्यासारखे वाटते.

हिवाळ्यातील पहाटे उलट घडते. बाहेर १० अंश आणि आत दमट, उबदार हवा. उबदार हवा हलकी, म्हणून ती वर येते. २६ अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प मावते. १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. उरलेल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि काठावर पांढरे धुके उभे राहते. अंधुक उजेडात त्याला लुगडे नेसवण्याचे काम आपले मन करते.

माणसाला आत कोण ओढते?

आता सर्वांत गंभीर गोष्ट. विहिरीत एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. मग तिसरा. 'आसरांनी ओढले' असे लोक म्हणतात. घटना खरी असते, आणि तिचे कारण डोळ्यांना दिसत नाही हेही खरे.

बंद पडलेल्या विहिरीत पालापाचोळा व शेण कुजते. कुजताना प्राणवायू खर्च होतो व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. उन्हाळ्यात तर विहिरीतील गार, जड हवा वर येतच नाही. नेमके तेव्हाच लोक गाळ काढायला उतरतात. हवेत २१ टक्के असलेला प्राणवायू १० टक्क्यांच्या खाली गेला, की माणूस ओरडण्यापूर्वीच बेशुद्ध पडू शकतो. कुजण्यातून होणारा हायड्रोजन सल्फाइड तर अगदी थोडाही प्राणघातक ठरतो. वाहते पाणी आणि ओळीने कुंड्या असलेल्या भुयारात हवा काहीशी खेळती राहते; एकट्या पडक्या विहिरीत ती सोय नसते.

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील वाकडी गावी शेणाचा गाळ साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला वाचवण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले. पाच जण मेले. कमरेला दोर बांधलेला एक जण तेवढा वर काढता आला.

इराणी कारागिराचा दिवा आठवा. दोराने खाली सोडलेला कंदील विझला, तर आत उतरणे म्हणजे मृत्यू. पण कंदील जळत राहिला, तरी विहीर सुरक्षित ठरत नाही. विषारी वायू थोडा असला तर ज्योत विझत नाही, आणि मिथेन असला तर उलट भडका उडतो. म्हणून कोणी आत पडले तर मागोमाग उतरू नका. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवा. ते श्वसनयंत्र लावून उतरतात.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली एका उंच काचपात्रात एक आखूड व एक उंच मेणबत्ती लावा. तळाशी खाण्याचा सोडा ठेवून त्यावर लिंबाचा रस हळूच ओता. कोणती मेणबत्ती आधी विझते? का?

नंतर आपल्या गावातील जुन्या विहिरीची गोष्ट आजी-आजोबांकडून लिहून घ्या. वहीत तीन रकाने पाडा : काय दिसले किंवा ऐकू आले, लोक काय म्हणतात, आणि कारण काय असेल. तिसरा रकाना भरताना शिक्षकांशी वाद घाला. ही सारी माहिती काठापासून दूर राहूनच गोळा करायची आहे. आणि गोष्टीत कोणी विहिरीत उतरून वर आले नसेल, तर तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे ते घरातील मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.