पुस्तक छापून झाले, पुढे काय?

पुस्तक छापून झाल्याची कृतार्थता छापखान्यातून गठ्ठे घरी येईपर्यंतच टिकते. माझ्या आठवणींच्या ५०० प्रती बालाघाटच्या आमच्या घरी आल्या, त्या दिवशी सौ.ने गठ्ठ्यांवर हळदकुंकू वाहिले; आणि पुढे दोन पावसाळे त्यांना ओल लागू नये म्हणून पलंगाखाली फळ्या सरकवीत राहिली. माझ्या भविष्यनिर्वाह निधीचा मोठा भाग त्या पलंगाखाली पडून आहे, हे तिने कधी बोलून दाखविले नाही, एवढेच.

आपल्याकडे ही अडचण दुहेरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. गोंदिया हाकेच्या अंतरावर; परंतु मराठी पुस्तकांचा बाजार सीमेपलीकडे. येथील दुकानदार मराठी पुस्तक ठेवावयास सहसा राजी नसतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याचे गिऱ्हाईक हिंदी पाठ्यपुस्तकांचे.

अशा वेळी आपल्याच जुन्या मध्यप्रांतातील एका माणसाचे स्मरण होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ साली रायपूरला जन्मले. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाने मराठी ज्ञानकोशाचा संकल्प केला, तेव्हा पाठीशी ना संस्थानिक, ना सरकार. त्यांनी नागपुरास लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, ग्रंथ निघण्यापूर्वीच वर्गणीदार मिळविले, आणि त्या बळावर २३ खंड पुरे केले. या खटाटोपाची हकीकतही त्यांनी १९२७ साली पुस्तकरूपाने मांडली. विकण्यासाठी दारोदार हिंडल्याने त्यांच्या विद्वत्तेला बाध आला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग माझ्यासारख्याने संकोच का करावा?

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी क्रम उलटा केला. आधी वही काढली. भरवेली, मलाजखंड, वारासिवनी, कटंगी येथील परिचित मराठी घरे, शिवाय नागपूर-भिलाईकडे गेलेली मुले-लेकी, अशांना हाताने पत्रे लिहिली. विषय, किंमत आणि एक पान नमुन्यादाखल. पैसे आले तेवढ्यांची नावे वहीत चढविली आणि मगच छापखाना गाठला. प्रती छापल्या २००. फुकट प्रत मात्र कोणास दिली नाही. भेट मिळालेले पुस्तक कपाटात शोभते, विकत घेतलेले निदान चाळले तरी जाते. अभिप्रायार्थ प्रती पाठवाव्या त्या मोजक्याच.

सरकारी बाजू कंटाळवाणी, पण टाळू नये. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला नमस्कार करावा. १९५४ च्या कायद्यान्वये प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चाने धाडावी लागते. टपालाची जुनी बुक-पोस्टची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून तिच्या जागी ‘ज्ञान पोस्ट’ आहे. पुस्तकात जाहिराती असतील तर ती मिळत नाही, हे ध्यानी असावे.

खरी विक्री झाली ती मात्र सौ.च्या युक्तीने. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटण्याऐवजी पुस्तक लुटावे, असे तिने मंडळातील चार बायकांना पटविले. चौघींनी दहा-दहा प्रती रोख पैसे मोजून नेल्या. (नवऱ्याचे पुस्तक म्हणून तिने पैशाचीही सूट दिली नाही.)

त्यातील एक प्रत शेजारच्या आजींकडे गेली. त्यांचा नातू हिंदी शाळेत शिकतो. घरी मराठी कानावर पडते, पण वाचण्याची सवय नाही. लिपी एकच असल्याने तो अडखळत का होईना वाचू लागला, आणि एका संध्याकाळी पुस्तक हाती घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

“आजोबा, ओसरी म्हणजे काय?”

सौ.ने त्याला हाताला धरून आत घेतले आणि तो उभा होता तीच जागा दाखविली.