अर्ध्या सेकंदाचा अबोला

आमचे थोरले भाऊ आखातात होते. पिंपरीहून फोन लागला की अम्मी विचारायची, ‘बेटा, तबीयत ठीक है ना?’ उत्तर जरा थांबून यायचं. फोन ठेवला की ती म्हणायची, ‘काहीतरी लपवतोय.’

तो अबोला भावाचा नव्हता, अंतराचा होता.

चाकणहून नाशिक रस्त्यानं जाताना नारायणगावजवळ आर्वी गाव आहे. देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र तिथं १९७१ साली सुरू झालं. पुढं त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. तिथल्या भल्यामोठ्या तबकडीची नजर हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे असे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो.

रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. तरी वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. प्रश्नाला पाव, उत्तराला पाव. झाला अर्धा सेकंद! वर जाणाऱ्या लहरी साधारण सहा गिगाहर्ट्झच्या, खाली येणाऱ्या चारच्या. दोन्ही सारख्याच असत्या, तर उपग्रहाला स्वतःच्याच आवाजात जमिनीवरून आलेली क्षीण हाक ऐकू आली नसती.

आता परदेशी फोन बहुतेक समुद्राखालच्या केबलनं जातात. तो अबोला पुष्कळ कमी झाला.

अम्मीला हे समजावलं, तेव्हा ती गप्प झाली. पुढच्या फोनपासून मात्र प्रश्न विचारून ती शांतपणे थांबू लागली.