घर अमेरिकेतलं (लेखांक ९) : पाणी सोडा, पण सावकाश

मागच्या आठवड्यात छताची गटरं साफ करून झाली. आता अंगणात उतरू.

न्यू जर्सीत फोर्सिथियाची पिवळी फुलं दिसू लागली की गल्लीतल्या एखाद्या घरी लॉनवर फवारे उडू लागतात, आणि शेजाऱ्याचं पाहून आपलाही हात बेसमेंटमधल्या व्हॉल्व्हकडे जातो. जरा थांबा. दुपारी 60 अंश फॅरनहाइट असलं तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत, उत्तरेकडच्या काउंटींत तर मे उजाडेपर्यंत, रात्री पारा 32च्या खाली घसरू शकतो. मातीखालच्या पाइपांना त्याचं फारसं काही वाटत नाही. मार बसतो तो भिंतीलगत उघड्यावर उभ्या असलेल्या पितळी बॅकफ्लोला. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि पितळ काही त्याला जागा करून देत नाही.

हा बॅकफ्लो म्हणजे शोभेचा नळ नव्हे. रस्त्यावर अग्निशामक दलाने हायड्रंट उघडला किंवा मुख्य पाइप फुटला, की घरातल्या पाण्याचा दाब एकाएकी पडतो आणि पाइप उलटं ओढू लागतो. अशा वेळी लॉनवरचं खत, माती, शेजारच्या कुत्र्याचा प्रसाद हे सगळं पिण्याच्या पाण्यात येऊ नये म्हणून हा पहारेकरी. बऱ्याच घरांत तो ‘प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर’ जातीचा असतो आणि सर्वांत उंचावरच्या स्प्रिंकलर हेडच्याही किमान 12 इंच वर बसवलेला असतो.

ऑक्टोबरात कॉम्प्रेसर लावून पाइप फुंकून गेलेल्या माणसाने बॅकफ्लोच्या दोन्ही मुठी अर्धवट, तिरप्या ठेवलेल्या दिसतील. तो विसरलेला नाही. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा ठेवला तर आतल्या गोळ्याभोवती पाणी अडकतं आणि थंडीत तोच फुटतो. आता दोन्ही मुठी बंद करा. बाजूचे दोन छोटे टेस्ट कॉक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवा. खाच आडवी झाली की ते बंद झाले. बेसमेंटमध्ये पाणी काढून टाकायची छोटी टोपी उघडी राहिली असेल तर तीही लावा, नाहीतर पहिली आंघोळ पाण्याच्या हीटरला.

मग बेसमेंटचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बाहेर येऊन बॅकफ्लोची पाण्याच्या बाजूची, म्हणजे पहिली मूठ उघडा. टोपीखालून क्षणभर पाणी उसळतं, मग आतली झडप वर बसते आणि ते थांबतं. घाबरू नका, हे ठरलेलं आहे. उसळणं थांबलंच नाही तर आतला प्लास्टिकचा भाग थंडीत तडकलाय असं समजा. त्याचा दुरुस्तीचा संच मिळतो. सगळं ठीक असेल तर दुसरी मूठ उघडा, आणि इथे खरा संयम हवा. थोडी फिरवा, आतला सूं-सूं आवाज ऐका, तो मंदावला की आणखी थोडी. रिकाम्या पाइपात पाणी एकदम सोडलं तर ते पुढच्या वळणावर आणि व्हॉल्व्हवर घणासारखं आदळतं. हिवाळ्याने सोडलेले सांधे त्या एका झटक्यात जातात.

यानंतर कंट्रोलरवर एकेक झोन दोन-तीन मिनिटं चालवून मागोमाग चालत जायचं. लोक नेमकं हेच टाळतात आणि मग जूनमध्ये बिल पाहून कपाळाला हात लावतात. ड्राइव्हवेच्या कडेची हेड आधी पाहा. बर्फ ढकलणाऱ्या फावड्याने तीच तुटतात. कारंजं उडालं तर हेड तुटलंय. धार लुळी पडली तर बहुतेक जाळीत माती अडकलीय. नुसतं धुकं उडत असेल तर दाब जास्त आहे. एखादा झोन सुरूच होत नसेल तर त्या व्हॉल्व्हचं 24 व्होल्टचं सोलेनॉइड आणि वायरचे सांधे तपासा. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात तेव्हा फुटपाथवर पडणारं पाणी सर्वांत आधी त्यांच्याच नजरेत भरतं. त्यांच्या येण्याआधी हेडची तोंडं गवताकडे वळवून घ्या. छोटी गळतीही सोडू नका. 1/32 इंचाचं, म्हणजे एक मिलीमीटरही नसलेलं छिद्र महिन्याला सुमारे 6,300 गॅलन पाणी वाया घालवतं, असा ईपीएच्या वॉटरसेन्स कार्यक्रमाचा हिशेब आहे.

एवढं झालं की कंट्रोलर बंद ठेवा! यंत्रणा तयार झाली म्हणजे पाणी द्यायलाच हवं असं नाही. एप्रिल-मेमध्ये इथला पाऊस गवताला बहुधा पुरतो, आणि रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं आळशी होऊन वरच राहतात. ऐन उन्हाळ्यातही पावसासकट आठवड्याला साधारण इंचभर पाणी पुष्कळ झालं. ते मोजायला लॉनवर ट्यूनाचे रिकामे डबे ठेवा. 5,000 चौरस फुटांच्या लॉनला इंचभर पाणी म्हणजे 3,100 गॅलन होतात, हे एकदा लक्षात आलं की टायमरवरचा हात आपोआप आखडतो.

बॅकफ्लोच्या वार्षिक चाचणीबद्दल टाउनशिपचं किंवा पाणी कंपनीचं पत्र आलं असेल तर ते शोधून ठेवा. बाकी सगळं घरी जमण्यासारखं आहे, ही चाचणी मात्र प्रमाणित तपासनीसाकडूनच करून घ्या, आणि मेमोरियल डेच्या गर्दीआधी त्याची वेळ ठरवा.