वास्तुशिक्षण पडद्यावरून होईल काय?

वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘नाटा’ या अभिक्षमता चाचणीतून २०२० साली रेखाटनाची परीक्षा वगळण्यात आली. महासाथीच्या त्या दिवसांत विद्यार्थ्यांना केंद्रावर एकत्र आणणे धोक्याचे होते. घरी संगणकापुढे बसून पर्यायांतून उत्तर निवडण्याची सोय करावी लागली. त्या वर्षापुरते ते समजण्याजोगे होते. परंतु कागद आणि पेन्सिल या चाचणीत परत यावयास २०२४ साल उजाडावे लागले. आपत्काळात पत्करलेली सोय आपत्ती ओसरल्यावरही घरजावयासारखी कशी ठाण मांडून बसते, याचे हे बोलके उदाहरण होय.

२०२० साली प्रवेश घेतलेल्या तुकडीचे पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे पडद्यापुढे गेले. महाराष्ट्रातील महाविद्यालये प्रत्यक्ष उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा काही आठवडे बंद राहिली. या तुकडीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम २०२५ मध्ये पूर्ण झाला. १९७२ च्या कायद्यान्वये परिषदेकडे नोंदणी केली की तिच्यातील कोणीही स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घेऊ शकतो. लोकांची घरे, शाळा, दवाखाने यांच्या आराखड्यांवर यापुढे या मुलांच्या सह्या असतील. तेव्हा झाले गेले विसरून जावे, असा हा विषय नव्हे.

दूरस्थ शिक्षणाने सारेच बिघडवले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वास्तुकलेचा इतिहास, बांधकामाचे नियम, साहित्याचे गुणधर्म हे व्याख्यानाचे विषय. ते पडद्यावरून शिकवता येतात आणि काही वेळा वर्गापेक्षा बरे शिकवले जातात. दूरच्या शहरातील जाणकार परीक्षक म्हणून लाभतो, हाही लाभच. पण या शिक्षणाचा गाभा व्याख्यानात नाही, तो ‘स्टुडिओ’त आहे. विद्यार्थी आपला आराखडा टेबलावर पसरतो, शिक्षक त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने चार रेघा ओढतात, जिना इकडून तिकडे सरकवतात, आणि बोलता बोलता एका खोलीत उजेड येतो. हे चालू असताना आजूबाजूची चार-पाच मुले वाकून पाहत असतात. दुसऱ्याची चूक पाहून शिकणे, ही या शाळेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक पद्धती आहे. पडद्यावर मात्र प्रत्येकाची पाळी येते, प्रत्येकाचे काम तपासले जाते, आणि ज्याची पाळी संपली तो चौकट काळी करून निघून जातो.

बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत १९६२ साली वास्तुशाळा सुरू केली. तिच्या इमारतीतील स्टुडिओ त्यांनी उत्तरेचा उजेड घेणारे आणि मोकळे ठेवले, ते काही केवळ देखणेपणासाठी नव्हे. मुंबईच्या सर ज. जी. संस्थेत क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींची मापे घेऊन त्या काढावयास लावीत. टेप हातात धरून खांबाभोवती फिरल्यावाचून तो खांब कळत नाही, ही त्यामागील समजूत.

मापाचा हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. कागदावर एकास शंभर प्रमाणात काढलेली खोली डोळ्यांना ठाऊक होते. ती किती लहान, हे हात सांगतो. संगणकाच्या पडद्यावर तीच खोली बोटाच्या इशाऱ्यावर वाडग्याएवढी होते, नाही तर वाड्याएवढी. मग दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ न शकतील असा जिना काढणारा विद्यार्थीही आपली चूक ओळखत नाही, कारण रेघा तर सुबक असतात! बांधकामाच्या जागेवर गेलेल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. गवंडी ओळंबा सोडतो, गुण्या लावून कोपरा तपासतो, दोन थरांतील सांधे एकावर एक येऊ देत नाही; तासभर उभे राहून पाहिले तरी भिंत म्हणजे नकाशातील दोन समांतर रेघा नव्हेत, हे पक्के ठसते. टाळेबंदीच्या काळात नेमक्या याच भेटी बुडाल्या, आणि चित्रफितीत सिमेंटचा वास येत नाही.

या हानीची वाटणीही सारखी झाली नाही. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, मोठे टेबल आणि जड प्रणाली पेलणारा संगणक होता, त्याचे निभावले. जो वसतिगृह सोडून तालुक्याच्या गावी परतला, दोन खोल्यांत भावंडांसह राहिला आणि मोबाइलच्या वीतभर काचेवर छेद व दर्शनी नकाशे वाचू लागला, त्याचे काय? प्रतिकृतीचे पुठ्ठे विकणारी दुकाने बंद. संचिका पाठवता पाठवता मध्येच संपर्क तुटे. परीक्षकाला दिसे ते अपुरे काम, त्यामागचे घर दिसत नसे. वास्तविक त्या घरातच शिकण्यासारखे पुष्कळ होते. काही शिक्षकांनी ते हेरले आणि मुलांना स्वतःच्याच घराची मापे घेण्यास, ऊन कोठून येते व माजघरात अंधार का राहतो हे टिपण्यास सांगितले. त्या दोन वर्षांतील सर्वांत अस्सल वास्तुशिक्षण कदाचित तेच असेल, आणि त्यासाठी पडदा फारसा लागला नाही.

महाविद्यालये आता पूर्ववत भरतात. मात्र ‘अर्धे वर्ग, अर्धा पडदा’ या व्यवस्थेची भाषा व्यवस्थापनांना गोड वाटू लागली आहे, कारण जागा आणि शिक्षक दोहोंची बचत होते. बचत करावयाचीच तर ती व्याख्यानांत करावी. पहिल्या दोन वर्षांच्या स्टुडिओला आणि बांधकामावरील भेटींना हात लावू नये. आणि २०२० च्या तुकडीतील पदवीधरांना कामावर घेणाऱ्या कार्यालयांनी त्यांना आल्या दिवसापासून संगणकापुढे खिळवून ठेवण्याऐवजी पहिले तीन-चार महिने सकाळी सेंटरिंग बांधले जात असेल तेथे पाठवावे. ठेकेदार त्यांच्यावर थोडे हसेल, पण ते त्यांच्या पहिल्या वर्षी व्हावयास हवे होते.