गुन्हेगार सापडतो, भीती उरते

जपानी रहस्यप्रधान व मानसशास्त्रीय ॲनिमे मालिका आणि सुरतेची एक आठवण

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याची वार्ता पसरली आणि काही दिवसांतच लाखो माणसे शहर सोडून निघाली. १९९१ च्या जनगणनेनुसार सुरतेची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. यंत्रमागांवर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणारे सौराष्ट्र, ओडिशा व खानदेशातील कामगार मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद करून शहर सोडले. प्रत्यक्षात मृतांची संख्या ५० च्या आसपास राहिली. रोगापेक्षा भीतीचा संसर्ग कितीतरी पटींनी वेगवान ठरला.

त्याच वर्षी जपानमध्ये दोन चित्रकथा मालिका नियतकालिकांतून सुरू झाल्या. एक गोशो आओयामा यांची ‘डिटेक्टिव्ह कोनान’ आणि दुसरी नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’. पुढे दोहोंचे ॲनिमे झाले. सुरतेच्या घटनेशी त्यांचा अर्थातच काही संबंध नाही. मात्र भयभीत समाज कसा वागतो आणि अपराधाचे ओझे माणूस कसे वाहतो, या प्रश्नांचा शोध जपानी ॲनिमेने पुढील दशकभरात ज्या गांभीर्याने घेतला, तो समजून घेताना सुरतेची आठवण उपयोगी पडते.

रहस्य आणि गूढ

मराठी वाचकाला रहस्यकथा आणि गूढकथा यांतील भेद नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांत शेवटच्या पानावर गुंता सुटतो आणि वाचक निश्चिंतपणे पुस्तक मिटतो. रत्नाकर मतकरींची गूढकथा संपते, पण मनातील अस्वस्थता संपत नाही. जपानी परंपरेत हे दोन्ही प्रवाह एकाच लेखकापाशी एकत्र येतात. एडगर ॲलन पो यांच्या नावावरून एडोगावा रांपो हे टोपणनाव घेणाऱ्या या लेखकाची पहिली रहस्यकथा १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोड्यांच्या कथांबरोबरच विकृत वासना आणि दुभंगलेली मने हेही त्यांचे विषय होते. आओयामांच्या बालगुप्तहेराने धारण केलेले ‘एडोगावा कोनान’ हे नाव रांपो आणि कॉनन डॉईल या दोघांना केलेले वंदन आहे.

‘कोनान’ ही निखळ रहस्यकथा होय. मानसशास्त्रीय ॲनिमेचा ओढा मात्र गूढकथेकडे आहे. या ओढ्याला १९९५ या वर्षाने बळ दिले, असे म्हणता येईल. जानेवारीत कोबे परिसरातील भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. मार्चमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला. आर्थिक भरभराटीचा फुगा त्याआधीच फुटला होता. त्याच ऑक्टोबरमध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ प्रक्षेपित होऊ लागली. यंत्रमानवांच्या युद्धाची ही कथा पाहता पाहता एका एकाकी मुलाच्या मनाचे उत्खनन बनते. पाठोपाठ सातोशी कोन यांचा ‘परफेक्ट ब्लू’ हा चित्रपट १९९७ मध्ये आणि संगणकाच्या जाळ्यात हरवलेल्या ओळखीची ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ ही मालिका १९९८ मध्ये आली.

डॉक्टरचे कर्तव्य

या प्रकारातील सर्वांत परिपक्व कृती कोणती, असे विचारल्यास ‘मॉन्स्टर’चे नाव पुढे ठेवावे लागेल. ७४ भागांची ही मालिका २००४-०५ मध्ये प्रक्षेपित झाली. जर्मनीत काम करणारा जपानी मेंदूशल्यविशारद केंझो तेन्मा वरिष्ठांच्या आदेशावरून एका तुर्की मजुराला बाजूला ठेवून प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करतो. आधी आणलेला मजूर मरण पावतो आणि त्याची पत्नी तेन्माला जाब विचारते. पुढच्या खेपेस नगराध्यक्षाला वाचवण्याचा आदेश झुगारून तो आधी आलेल्या, डोक्यात गोळी लागलेल्या मुलाचे प्राण वाचवतो. नऊ वर्षांनी कळते की तोच मुलगा निर्विकार मारेकरी झाला आहे.

येथे खुनी कोण हे प्रेक्षकाला प्रारंभीच ठाऊक असते. सर्वांचे प्राण समान मोलाचे असतील, तर या मारेकऱ्याच्या प्राणांचेही तेच मोल आहे काय, हा खरा पेच आहे. परप्रांतातून आलेल्या मजुराचा जीव सर्वांत स्वस्त का, हा प्रश्न तर सुरतेच्या वेड रोडवरील वस्त्यांना चांगलाच परिचित आहे. मालिकेची गती संथ आहे आणि मधले काही भाग रेंगाळतात. तरीही उपकथानकांतील साध्या माणसांमुळेच तिला वजन प्राप्त होते.

अफवेला फुटलेले पाय

सुरतेच्या अनुभवाला अधिक जवळची मालिका म्हणजे सातोशी कोन यांची ‘पॅरानोया एजंट’. २००४ मधील या १३ भागांच्या मालिकेत चाकांचे बूट घातलेला एक मुलगा सोनेरी बॅटने लोकांवर हल्ले करतो. दोन पोलीस अधिकारी तपास करतात. पण जसजशी वार्ता पसरते तसतसा हल्लेखोर अधिक बलाढ्य होत जातो. एका भागात चार गृहिणी त्याच्याविषयी ऐकीव गोष्टी सांगत बसतात आणि प्रत्येकीची गोष्ट आधीच्या गोष्टीहून भडक होते. गावाकडच्या देवचाराच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्या असतील, त्या गोमंतकीय प्रेक्षकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. शेवट येथे सांगणे उचित नाही. एवढेच नमूद करावे की, जबाबदारी टाळू पाहणाऱ्या माणसाला बाहेरचा शत्रू किती हवाहवासा वाटतो, हे कोन यांनी निर्दयपणे दाखवले आहे.

लोकप्रियता आणि मर्यादा

तरुणांत सर्वाधिक चर्चा होते ती ‘डेथ नोट’ची. ज्या वहीत नाव लिहिताच माणूस मरतो, ती एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती पडते. ३७ भागांच्या या मालिकेतील बुद्धिबळासारखा डाव पूर्वार्धात खिळवून ठेवतो. उत्तरार्धात प्रतिस्पर्धी बदलल्यावर ताण ओसरतो, स्त्री पात्रे तर केवळ प्याद्यांपुरती उरतात. त्याहून गंभीर बाब अशी की, नायकाच्या चातुर्यावर भाळलेला प्रेक्षक त्याचा अहंकार विसरू शकतो. २०१६ मधील १२ भागांची ‘इरेज्ड’ याच्या उलट आहे. तिच्यातील गुन्हेगार जाणत्या प्रेक्षकाला लवकर ओळखता येतो. पण घरात छळ सोसणाऱ्या वर्गमैत्रिणीकडे कोणीतरी वेळीच लक्ष देते, हाच तिचा गाभा असल्याने ती मनात घर करते.

चित्रांतून हलणारी प्रत्येक गोष्ट मुलांसाठीच असते, हा समज पालकांनी सोडून द्यावा. ‘डोरेमॉन’ आणि ‘परफेक्ट ब्लू’ यांना ॲनिमे हे एकच नाव असले तरी दुसऱ्यातील हिंसा व लैंगिक क्रौर्य केवळ प्रौढांसाठी आहे. नव्या प्रेक्षकाने ‘इरेज्ड’पासून आरंभ करून ‘पॅरानोया एजंट’कडे आणि सवड असल्यास ‘मॉन्स्टर’कडे वळणे श्रेयस्कर.

सुरतेच्या प्लेगलाही एकच गुन्हेगार नव्हता. पुरानंतर साचलेला चिखल, न उचललेला कचरा, कामगारवस्त्यांकडे वर्षानुवर्षे झालेले दुर्लक्ष आणि वाऱ्याच्या वेगाने फिरलेल्या वावड्या असे अनेक धागे त्यात गुंतले होते. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त झालेल्या एस. आर. राव यांनी साफसफाईची आणि कामाच्या उत्तरदायित्वाची घडी बसवली, तेव्हा शहराचे रूप पालटले. भीती ओसरल्यावर कोणालातरी दोष देऊन मोकळे होता येते किंवा आपल्याच अंगणातील कचरा पाहता येतो. चांगली मानसशास्त्रीय मालिका प्रेक्षकाला या दुसऱ्या वाटेवर आणून सोडते.